सरहद्दीवरची माणसे आणि त्यांची नावे
(बंगळूर येथे मराठी वाचकांपुढे अनुवादिकेने केलेले भाषण)



मेक्सिकोच्या क्रांतीवरील ग्रंथ मराठीत कशासाठी आणायचा, हा प्रश्न हे काम हाती घेतल्यापासून मला अनेकांनी विचारला. विचारणाऱ्यांत घरची माणसे होती, तशीच ग्रंथालयांसाठी वर्षानुवर्षे पुस्तकांची निवड करीत आलेली जाणती मंडळीही होती. आपल्या स्वयंपाकघरातील मिरची व टोमॅटो आणि आपल्या शेतातील मका ही मूळची त्या देशाकडची, एवढाच आपला त्याच्याशी संबंध, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुवादाला बसले तेव्हा माझीही समजूत ह्याहून फारशी निराळी नव्हती. ती कशी बदलत गेली, हे सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आरंभीच एक खुलासा करते. मराठी माणसाने बंगळूरला येऊन ‘सीमा’ हा शब्द उच्चारला, की श्रोते जरा सावरून बसतात. आज माझा विषय तो नव्हे. मी ज्या सरहद्दींविषयी बोलणार आहे, त्यांतील एक अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको ह्यांच्या मधली आहे आणि दुसरी इराण व बलुचिस्तान ह्यांच्या मधली. ह्या दोहोंच्या मध्ये पृथ्वीचे अर्धे अंतर आहे, आणि तरीही वर्ध्याला वाढलेला एक मराठी माणूस ह्या दोन्ही सरहद्दींच्या इतिहासाशी गुंतलेला आहे. त्याच्याकडे मी येईनच. परंतु आधी ज्या शब्दामुळे मी त्याच्यापर्यंत पोहोचले, त्या शब्दाविषयी सांगितले पाहिजे.

मूळ इंग्रजी ग्रंथात ‘बँडिट’ हा शब्द पानोपानी येतो. त्याला आपल्याकडे ‘दरोडेखोर’ हा प्रतिशब्द रूढ आहे. पहिली शंभरएक पाने मी तो निःशंकपणे लिहीत गेले. वृत्तपत्रातील मथळा असो, सेनाधिकाऱ्याचा अहवाल असो किंवा एखाद्या जमीनदाराचे पत्र असो, जेथे जेथे बंदूक घेतलेला मेक्सिकन दिसला तेथे तेथे माझ्या हस्तलिखितात दरोडेखोर उभा राहिला. अनुवादकाला अशा सवयी लवकर जडतात. एकदा शब्द ठरला की हात आपोआप चालतो, आणि काम वेगाने होत असल्याचे समाधानही मिळते. पुढे पोर्व्हेनीर ह्या गावाची हकीकत आली आणि माझा हात थांबला.

पोर्व्हेनीर हे टेक्सास राज्यातील, नदीकाठचे अगदी लहानसे गाव. स्पॅनिशमध्ये ह्या नावाचा अर्थ ‘भविष्यकाळ’ असा होतो. २८ जानेवारी १९१८ च्या रात्री टेक्सास रेंजर्स ह्या सशस्त्र दलाचे लोक काही गोऱ्या पशुपालकांना बरोबर घेऊन तेथे आले. त्यांनी पुरुषांना व मुलांना झोपेतून उठवून वेगळे काढले आणि गावाबाहेर नेऊन त्यांतील पंधरा जणांना गोळ्या घातल्या. उरलेली बायकामुले नदी ओलांडून मेक्सिकोत निघून गेली आणि गाव ओस पडले. मारले गेलेले लोक दरोडेखोर होते किंवा दरोडेखोरांना सामील होते, असे समर्थन करण्यात आले. पुढल्या वर्षी, १९१९ मध्ये, खोसे कनालेस नावाच्या मेक्सिकन वंशाच्या आमदाराने टेक्सासच्या विधिमंडळात रेंजर्सच्या एकंदर कृत्यांची चौकशी घडवून आणली. तीत असे अनेक प्रकार उघडकीस आले आणि त्या दलाची संख्या कमी करण्यात आली. मारणाऱ्यांपैकी कोणालाही न्यायालयात शिक्षा मात्र झाली नाही.

आता पाहा, ह्या पंधरा जणांतील कित्येकांजवळ शेतीची अवजारे होती, परंतु दरोडा घालण्याइतकी सामग्री कोणाजवळही नव्हती. तरीही त्यांना कागदोपत्री जो शब्द चिकटला, तोच मी शंभर पाने मराठीत उतरवीत आले होते. एका जागी तो शब्द वर्णन म्हणून येत होता, तर दुसऱ्या जागी तोच शब्द माणूस मारण्याचा परवाना होता. मी मागे वळले आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचू लागले.

ही सरहद्द आली कोठून, हे येथे थोडक्यात सांगते. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख संयुक्त संस्थानांच्या ताब्यात गेला. तेथील मेक्सिकन रहिवासी जागचे हलले नव्हते, सरहद्दच त्यांच्या घरावरून पुढे निघून गेली. पूर्वेकडच्या अर्ध्या भागात ही सरहद्द म्हणजे एक नदी आहे. उत्तरेकडचे लोक तिला रिओ ग्रांदे, म्हणजे मोठी नदी, असे म्हणतात आणि दक्षिणेकडचे रिओ ब्राव्हो, म्हणजे दांडगी, अनावर नदी, असे म्हणतात. म्हादई म्हणावे की मांडवी, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगायला नको. मी दोन्ही नावे ठेवली आहेत. बोलणारा ज्या तीरावर उभा असेल, त्या तीराचे नाव.

१९१० च्या नोव्हेंबरात फ्रान्सिस्को मादेरो ह्यांनी पोर्फिरिओ दियास ह्यांच्या दीर्घ हुकूमशाहीविरुद्ध उठावाची हाक दिली, तेव्हा ते ह्याच नदीच्या उत्तरेस, टेक्सासमध्ये, आश्रयाला होते. मे १९११ मध्ये क्रांतिकारकांनी नदीच्या दक्षिण तीरावरील स्युदाद ह्वारेस हे शहर जिंकले. ती लढाई समोरच्या एल पासो शहरातील नागरिकांनी घरांच्या गच्च्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांवर उभे राहून पाहिली. भटकलेल्या गोळ्यांनी त्यांच्यातीलही काही माणसे मेली, तरी गर्दी हटली नाही. एकाच्या मरणाचा सोहळा दुसऱ्याने गच्चीवरून पाहावा, ह्याहून सरहद्दीची निराळी व्याख्या करायची कशाला! बंदुका आणि काडतुसे मात्र त्याच एल पासोच्या दुकानांतून ह्वारेसला जात होती.

मग मला आपल्याकडची उदाहरणे आठवू लागली. पुरंदरच्या डोंगरांत इंग्रजांना हैराण करणारे उमाजी नाईक १८३२ साली फासावर गेले ते दरोडेखोर म्हणूनच. वासुदेव बळवंत फडके ह्यांच्यावर १८७९ मध्ये जो खटला चालला, त्यात राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता तसा दरोड्याचाही होता. इंग्रजी मुलखात पाठलाग सुरू झाला तेव्हा फडके निजामाच्या हद्दीत शिरले, तेथे नवी माणसे जमवू लागले, आणि अखेर तत्कालीन कलादगी जिल्ह्यातील देवर नावडगी ह्या गावी, म्हणजे आजच्या कर्नाटकात, पकडले गेले. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. सरकारी दप्तरात ते दरोडेखोर, लोकांच्या तोंडी बंडवाले, आणि आज आपल्या पाठ्यपुस्तकांत आद्य क्रांतिकारक. तीन शब्द, आणि माणूस एकच. १८५७ च्या बाबतीतही हेच झाले. ‘शिपायांचे बंड’ ह्या शब्दांचे ‘स्वातंत्र्यसमर’ करण्यासाठी सावरकरांना १९०९ मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहावा लागला.

आपण आज ज्या शहरात बसलो आहोत, तेही एका पाळेगाराने, केंपेगौडाने, वसवलेले आहे. मराठीत ‘पुंडपाळेगार’ हा जोडशब्द शिवीसारखा वापरला जातो आणि तो आपल्याच बखरींनी व कागदपत्रांनी रूढ केला, कारण शहाजीराजांना जहागीर मिळाल्यावर पाळेगारांकडून वसुली आपल्याला करायची होती! तेव्हा इंग्रजांच्या दप्तराला हसण्यापूर्वी आपण आपल्या दप्तराकडेही पाहिलेले बरे.

इतके झाल्यावर सगळीकडचे ‘दरोडेखोर’ खोडून तेथे ‘क्रांतिकारक’ लिहिणे सोपे होते. माझ्या एका स्नेह्याने तसा आग्रहही धरला. मला ते पटले नाही, आणि त्याचे कारण तोर्रेओन हे शहर आहे. मे १९११ मध्ये, म्हणजे ह्वारेस पडले त्याच महिन्यात, मादेरोपक्षाच्या सैनिकांनी व शहरातील जमावाने तेथील तीनशेच्या आसपास चिनी रहिवाशांची कत्तल केली. हे चिनी लोक मळेवाले, धोबी, दुकानदार होते. पांचो व्हिया ह्याच्या सैन्याच्या नावावरही अशी कृत्ये आहेत, आणि १९१५ मधील पराभवांनंतर तर त्याचा स्वभाव अधिकच क्रूर होत गेला. ९ मार्च १९१६ रोजी त्याच्या माणसांनी सरहद्द ओलांडून न्यू मेक्सिकोतील कोलंबस हे गाव जाळले. त्याला पकडण्यासाठी जनरल पर्शिंग ह्यांच्या हाताखाली हजारो सैनिक, मोटारगाड्या आणि विमानेसुद्धा मेक्सिकोत घुसली, अकरा महिने वाळवंट तुडवीत राहिली आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये व्हियाशिवाय परत गेली. चिवावा प्रांतातील गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने हा माणूस जमीनदाराची मिजास उतरवणारा वीर होता, तर कोलंबसमधील विधवेच्या दृष्टीने तो खुनी होता. दोघांनाही आपापले शब्द वापरण्याचा अधिकार आहे. तो त्यांच्याकडून काढून घेणे अनुवादकाच्या कक्षेत बसत नाही.

तेव्हा मी असे ठरवले की, शब्द ज्याच्या तोंडी असेल त्याच्या नावावर तो टाकायचा. अमेरिकन वृत्तपत्र दरोडेखोर म्हणत असेल तर वाक्यात वृत्तपत्राचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. ग्रंथकार स्वतः बोलत असेल तेथे ‘सशस्त्र टोळी’, ‘बंडखोर’, ‘व्हियाचे स्वार’ असे जे वस्तुस्थितीला धरून असेल ते लिहायचे. ह्यामुळे काही वाक्ये लांबली आहेत, काही अडखळतही असतील. त्या दोषाची जबाबदारी माझी.

जाता जाता नावांविषयी. आपल्या वृत्तपत्रांत पूर्वी ‘झपाटा’ असे छापून येत असे ते एमिलियानो सापाता ह्यांचे नाव होय. मराठी वाचकाला झपाटा ह्या शब्दातून जो वेग जाणवतो तो त्या माणसाला शोभण्यासारखा होता हे खरे, परंतु मेक्सिकोत उच्चार ‘सापाता’ असाच आहे. सापाता सरहद्दीपासून फार दूर, दक्षिणेकडील मोरेलोस प्रांतातले. त्यांना अध्यक्षपद नको होते. साखरेच्या मळेवाल्यांनी गिळलेल्या गावच्या जमिनी गावांना परत मिळाव्यात, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि ते त्यांनी नोव्हेंबर १९११ मधील आयालाच्या जाहीरनाम्यात लिहून ठेवले. १० एप्रिल १९१९ रोजी त्यांना दग्याने मारण्यात आले. परंतु तोवर, १९१७ च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमात, जमीन आणि पाणी ही मूलतः राष्ट्राची असल्याचे तत्त्व आले होते. आमच्या मराठी माणसाची गाठ पडते ती ह्या सापातांच्या वारशाशी.

त्याआधी आपल्या आणि मेक्सिकोच्या इतिहासाचे धागे कॅलिफोर्नियात कसे गुंतले होते ते पाहू. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. त्या किनाऱ्यावरील शेतांत, लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामांवर पंजाबी मजूर होते, तसेच मेक्सिकन मजूरही होते. तेथल्याच लॉस एंजेलिसमधून रिकार्दो फ्लोरेस मागोन आणि त्यांचे साथी दियासविरोधी पत्र चालवीत होते. १९११ मध्ये त्यांच्या अनुयायांनी सरहद्द ओलांडून मेहिकाली आणि तिहुआना ही गावे काही काळ जिंकलीही. त्याबद्दल मागोन ह्यांना अमेरिकेच्या तटस्थताविषयक कायद्याखाली तुरुंगवास घडला. मित्रराष्ट्राविरुद्ध अमेरिकेच्या भूमीवरून लष्करी मोहीम उभारणे हा तो गुन्हा.

हा कायदा नीट लक्षात ठेवावा. १९१५ च्या मार्च महिन्यात ॲनी लार्सन नावाचे शिडाचे जहाज सॅन दिएगो बंदरातून निघाले. त्यावर सुमारे आठ हजार रायफली आणि चाळीस लाख काडतुसे होती. जर्मन वकिलातीच्या पैशाने घेतलेली ही शस्त्रे हिंदुस्थानातील उठावासाठी होती. परंतु बंदरात सांगितले गेले ते असे, की मेक्सिकोतील एका पक्षाने ती मागवली आहेत. मेक्सिकोत बंदुका जाणे त्या काळी इतके नित्याचे होते, की ह्या सबबीवर कोणाचाही विश्वास बसावा. पॅसिफिक महासागरातील सोकोरो ह्या मेक्सिकन बेटाजवळ ‘मॅव्हरिक’ नावाचे दुसरे जहाज येऊन तो माल घेणार होते. ॲनी लार्सन वाट पाहत राहिले, पिण्याचे पाणी संपले, जहाज निघून गेले, आणि मॅव्हरिक त्यानंतर पोहोचले. जूनच्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील होक्वियम बंदरात तो सर्व शस्त्रसाठा जप्त झाला. विष्णू गणेश पिंगळे हा तळेगाव ढमढेऱ्याचा तरुण मार्चमध्येच मीरतच्या छावणीत पकडला गेला होता. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा ह्याच्याबरोबर तो फाशी गेला. जहाजे वेळेवर भेटली असती तरी त्याच्या हाती काही पडले असते असे नाही. तरीही ह्या तारखा शेजारी शेजारी लिहिताना हात जड होतो.

१९१७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत खटला उभा राहिला तो ह्याच तटस्थतेच्या कायद्याखाली. त्याला ‘हिंदू कट’ असे नाव पडले, जरी गदर चळवळीतले बहुसंख्य लोक शीख होते. अमेरिकनांच्या लेखी हिंदुस्थानचा प्रत्येक माणूस हिंदू! शंभराहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. एप्रिल १९१८ मध्ये निकालाच्या वेळी रामचंद्र ह्या गदरच्या संपादकाला भर न्यायालयात रामसिंग ह्या सहआरोपीने गोळी घातली आणि रामसिंगालाही तेथेच ठार करण्यात आले. शिक्षा झालेल्यांपैकी तारकनाथ दास ह्यांना लेव्हनवर्थच्या तुरुंगात ठेवले गेले. १९२२ साली फ्लोरेस मागोन वारले, ते ह्याच तुरुंगात.

आता पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८४, वर्धा. लोकमान्यांच्या विचारांनी भारलेला हा विद्यार्थी विशीतच देशाबाहेर पडला आणि जपानमार्गे कॅलिफोर्नियाला पोहोचला. सॅन राफेल येथील माउंट टमालपायस लष्करी विद्यालयात त्याने युद्धशिक्षण घेतले, आणि पुढे कोर्व्हालिस व पुलमन येथे शेतीशास्त्राचे. पंडित काशीराम ह्यांच्याबरोबर पोर्टलंडमधील मजुरांची संघटना बांधली आणि गदर पक्षात लष्करी बाजू सांभाळली. मेक्सिकोची क्रांती पेटली तेव्हा तिच्या वार्ता आणि तिची परागंदा माणसे अशा दोन्ही गोष्टी खानखोजे ह्यांच्या हाताच्या अंतरावर होत्या. त्या क्रांतीत सैन्य म्हणजे शेतकरी होते. बंदूक आणि नांगर ह्या दोन विद्या एकाच वेळी शिकणाऱ्या तरुणाला ह्यात काय दिसले असेल, ते सांगण्याची गरज नाही.

पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. प्रमथनाथ दत्त, सूफी अंबाप्रसाद आदी सहकारी बरोबर होते. बेत असा की, इराणच्या आग्नेय भागातून बलुचिस्तानात शिरायचे आणि तेथील टोळ्यांना उठवून हिंदुस्थानची पश्चिम वेस खिळखिळी करायची. डिसेंबर १९१५ मध्ये काबूल येथे महेंद्र प्रताप व बरकतुल्ला ह्यांनी हंगामी सरकार स्थापले होते. इंग्रजांनी ही वाट बंद करण्यासाठी पूर्व इराणात उत्तरदक्षिण असा लष्करी पहारा बसवला आणि दक्षिणेत १९१६ पासून सर पर्सी साइक्स ह्यांनी ‘साउथ पर्शिया रायफल्स’ हे दल उभारले. खानखोजे लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. सूफी अंबाप्रसाद ह्यांचा शिराजला अंत झाला. मोहीम फसली.

ह्या प्रदेशाचे नाव काय असावे? खाश गावाच्या आसपासच्या त्या डोंगराळ टापूला ‘सरहद’ असेच म्हणतात. ज्या शब्दावर मी दोन वर्षे घासाघीस केली, तो तेथे चक्क विशेषनाम म्हणून नकाशावर बसलेला आहे. १९१६ मध्ये तेथील बलुची टोळ्यांविरुद्ध ब्रिटिश फौजेचे नेतृत्व ज्या अधिकाऱ्याने केले, त्याने १९२१ साली आपल्या पराक्रमाचे पुस्तक लिहिले आणि त्याला ‘द रेडर्स ऑफ द सरहद’ असे नाव दिले, म्हणजे सरहदचे लुटारू. मधल्या काळात, १३ एप्रिल १९१९ रोजी, तो जालियनवाला बागेत येऊन गेला होता. त्याचे नाव रेजिनाल्ड डायर. पोर्व्हेनीरच्या दप्तरातला शब्द आणि डायरच्या मुखपृष्ठावरचा शब्द मी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही सरहद्दींवर शब्द देणारा सशस्त्र होता आणि घोड्यावर होता.

आणि ती फौज कोणाची? हिंदी शिपायांची. त्या पहाऱ्यावर असलेली २८ वी लाइट कॅव्हलरी ही १९०३ पूर्वीची मद्रास लान्सर्स. मेसोपोटेमियाच्या रणावर खंदक खणणारे मद्रास सॅपर्स तर ह्याच बंगळूरच्या छावणीतले. गदरचा सारा हिशेब ह्या शिपायांनी बंदुका फिरवाव्यात, ह्यावर बांधलेला होता. १९१५ मध्ये सिंगापूरला एका पलटणीने तशा त्या फिरवल्याही. इतरत्र बहुतेकांनी फिरवल्या नाहीत. त्यांना आज आपण काय म्हणावे? गद्दार म्हणणे सोपे आहे. पगार, घरची जमीन, पलटणीची शपथ आणि शेजारी उभा असलेला गाववाला ह्यांत बांधलेल्या माणसाला हा शब्द लावण्याचे धैर्य मला झालेले नाही. आपल्यापैकी काहींचे पणजे त्या पलटणींत असतील.

मेक्सिकोच्या सैन्यात शेतकरी स्वतःच्या गावच्या जमिनीसाठी लढला. बलुची टोळीवाल्याला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते, आणि हिंदी शिपायाला कोणी जमिनीची गोष्ट सांगितली नव्हती. माझ्या मते खानखोजे ह्यांच्या उत्तरायुष्याची दिशा ह्या फरकातून उलगडते. १९२१ मध्ये ते वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आदींबरोबर मॉस्कोला जाऊन आले. मायदेशाची दारे ब्रिटिश सरकारने बंद केलेली होती. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. मानवेंद्रनाथ रॉय त्यापूर्वी, १९१७ मध्ये, अमेरिकेतून निसटून तेथे राहून गेले होते आणि १९१९ मध्ये तेथील साम्यवादी पक्षाच्या स्थापनेत त्यांचा हात होता. रॉय पुढे निघून गेले. खानखोजे राहिले.

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. हे विद्यालय १९२४ मध्येच एका माजी अध्यक्षाच्या जप्त केलेल्या जहागिरीवर आणले गेले होते. त्याचे जे बोधवाक्य आहे त्यात एक स्पॅनिश शब्द आहे, ‘एक्स्प्लोतासिओन’. त्याचा अर्थ साधनसंपत्तीचा उपयोग करून घेणे असाही होतो आणि पिळवणूक असाही. येथे जमिनीच्या बाबतीत ही गोष्ट शिकवली जाते, माणसाच्या बाबतीत नव्हे, असा त्या वाक्याचा आशय. मराठीत ‘शोषण’ घातले तर जमिनीवर अन्याय होतो, ‘मशागत’ घातले तर माणसाचा अर्थ हरवतो. मी ‘कसणे’ आणि ‘पिळणे’ अशी दोन क्रियापदे घेतली आणि श्लेष सोडून दिला. ह्याहून चांगले कोणाला सुचल्यास पुढच्या आवृत्तीसाठी अवश्य कळवावे.

खानखोजे ह्यांनी मक्याच्या संकरावर काम केले, एका ताटाला अनेक कणसे धरणाऱ्या मक्याचा अभ्यास केला, आणि तेश्कोकोच्या परिसरात शेतकऱ्यांसाठी विनामूल्य ‘मुक्त कृषिशाळा’ काढल्या. त्यांतील एका शाळेला सापातांचे नाव होते. शाळांची आणि कणसांची छायाचित्रे काढली तीना मोदोत्ती ह्या इटालियन छायाचित्रकार स्त्रीने. तिला १९३० मध्ये मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. खानखोजे १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आले, १९५५ पासून नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी ह्यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर ह्यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. २०२२ मध्ये चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला.

ते बंदूक ठेवून मक्याकडे वळले, म्हणजे क्रांतीतून निवृत्त झाले, असे आपल्याकडे कधी कधी सुचवले जाते. मेक्सिकोत असे कोणी म्हणणार नाही. सापातांच्या नावाची शाळा काढणे हाच तेथे क्रांतीचा पुढला भाग होता.

मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर दिएगो रिव्हेरा ह्यांची भित्तिचित्रे आहेत. एका चित्रात शस्त्रागार आहे. तेथे फ्रिदा कालो बंदुका वाटते आहे आणि बाजूला तीना मोदोत्ती काडतुसांचा पट्टा घेऊन उभी आहे. त्याच मालिकेतील १९२८ च्या दुसऱ्या चित्रात एका मोठ्या मेजाभोवती कामकरी माणसे बसली आहेत आणि मेजाच्या अग्रभागी बसून अन्न मोडून देणारा पुरुष म्हणजे आमचे खानखोजे. चित्राचे नाव ‘एल पान नुएस्त्रो’. कॅथलिक प्रार्थनेतील शब्दांची ही आठवण आहे. पान म्हणजे खरे तर पाव, आणि चित्रातही पावच आहे. आमच्या संपादकांनी समासात ‘आमचा पाव’ असे सुचवले होते. मी मराठी बायबलकडे पाहिले, तेथे ‘भाकर’ आहे. पुस्तकात चित्राखाली ‘आमची भाकर’ असे छापले आहे.